अक्काचा आवाज

दिपमालानं उलथनं ताटावर टण्णकन वाजवलं आणि ऋतिकाच्या मानेकडे पाहत राहिली. मान हलली नाही. सव्वादोन वर्षांची पोर तिच्याकडे पाठ करून बसली होती. डब्यात भुईमुगाच्या शेंगा टाकायच्या, डबा उपडा करायचा, पुन्हा एकेक शेंग आत टाकायची, एवढंच तिचं चाललं होतं. दोन्ही कानांमागं ऐकण्याचं मशीन होतं, आणि ते पडू नये म्हणून त्याची दोरी फ्रॉकला पिनेनं अडकवलेली होती.

"ताट वाजलं! ऐकलं का? टण्ण! ताटाचा आवाज आला." दिपमालानं पुन्हा ठोकलं. तिसऱ्यांदा ठोकलं.

ओसरीवरच्या खाटेवर तोतारामआबांनी कूस बदलली. सुनेशी ते फारसं बोलत नसत. बोलायचं झालंच तर छताकडे पाहून बोलत.

"दुपारचं तरी जरा निवांत राहू द्या म्हणा," ते छताला म्हणाले.

दिपमालानं उलथनं खाली ठेवलं. उजव्या हाताचं मनगट ठणकत होतं. मनगटाचं एवढं काही नव्हतं, तिचा जबडा दुखत होता. माहेरी तिला सगळे अबोल म्हणायचे. सासरी येऊन पाच वर्षं झाली, तरी शेजारणींना तिचा आवाज ओळखू येत नव्हता. आणि गेल्या सहा महिन्यांपासून ती सकाळी डोळे उघडल्यापासून बोलत होती. जे कराल ते बोलून दाखवा, असं बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवणाऱ्या जळगावच्या सारिका मॅडमनी सांगितलं होतं. म्हणून ती बोलायची. भेंडी चिरते. भेंडी हिरवी. कच कच कच. आता पाणी ओतते. पाणी गार. संध्याकाळपर्यंत तिला स्वतःच्याच आवाजाचा वीट यायचा. भिंतीपलीकडच्या सुनंदाबाईंनी एकदा हेमराजला वाटेत थांबवून विचारलंही होतं, तुझ्या बायकोची तब्येत बरी आहे ना?

हेमराज हसला होता. घरी येऊन त्यानं ते सांगितलं, तेव्हा दिपमालाला हसू आलं नाही. तो चांगलाच होता. मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा त्यानं एका शब्दानं मागंपुढं केलं नव्हतं. पण दिवस उजाडला की तो केळीच्या वावरात जायचा, आणि बोलायला घरात ती एकटी उरायची.

दर गुरुवारी ती ऋतिकाला घेऊन फाट्यावर मुक्ताईनगरहून येणारी बस धरायची. जळगावात मेहरूणच्या बाजूला सारिका मॅडमची खोली होती. भिंतीला टेकून खेळण्यांच्या टोपल्या, मधे सतरंजी. दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी व्हायची होती. तोवर मशीन लावून पोरगी आवाजाला आवाज द्यायला लागली तर ठीक, नाहीतर ऑपरेशनचा विचार करावा लागेल, असं मॅडमनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं.

मागच्या गुरुवारी मॅडमनी बराच वेळ नुसतं पाहिलं. दिपमाला ऋतिकाच्या मागं डफली वाजवत होती.

"ताई, रागावू नका," मॅडम म्हणाल्या, "पण तुम्ही खेळत नाही. परीक्षा घेता."

दिपमाला थांबली.

"एकदा वाजवलं की लगेच दुसऱ्यांदा वाजवता. तिनं वळायचं कधी? आवाज द्या आणि थांबा. आणि चेहरा असा ताणू नका. तिला गंमत वाटली पाहिजे."

"किती वेळ थांबायचं?"

"तिला लागेल तितका."

दिपमालानं मान हलवली. पिशवीचे बंद तिनं एकदा बांधले, सोडले, पुन्हा बांधले. गंमत कुठून आणायची, हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं.

घरात आणखी एक माणूस होतं. आबांची थोरली बहीण, धुरपदाबाई. सगळे तिला अक्का म्हणत, म्हणजे तिच्याविषयी बोलताना म्हणत. तिला हाक मारायचा प्रश्नच नव्हता. जन्मापासून तिला काही ऐकू येत नव्हतं. लग्न झालं नाही. सत्तरीच्या पुढं गेली तरी पहाटे उठून अंगण झाडायची, भांडी घासायची, धान्य निवडायची. घरात तिला कोणी वाईट वागवलं नव्हतं. जेवण वेळेवर, सणाला लुगडं. पाणी, भाकर, भांडी, झोप आणि पुरे अशा पाच खुणा होत्या, आणि तेवढ्यांवर तिचं आयुष्य निभावलं होतं. लग्न होऊन आल्यावर दिपमाला आठवड्याभरात त्या पाच खुणा शिकली. सहावी कधी लागली नाही.

अक्काला आवाज मात्र होता. घशाच्या तळातून येणारा, जाड, लांबलेला. काही हवं असलं की, किंवा कधी कधी नुसतंच, ती "आंऽऽहू" असं करायची. पाहुणे दचकायचे. गल्लीतली पोरं तिची नक्कल करायची.

ऋतिकाच्या कानांचं कळलं त्या दिवशी आबा एवढंच म्हणाले होते, "अक्काचं आलं हे." पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही. पण त्या दिवसापासून दिपमालाला अक्काकडे नीट पाहता येईना. नळाजवळ वाकून भांडी घासणारी ती पाठ दिसली की तिला तिथं वेगळीच बाई दिसायची, पांढऱ्या केसांची, पण चेहरा ऋतिकाचा. मग ती ऋतिकाला अक्काजवळून उचलून आणायची. अक्कानं आवाज केला की ओठांवर बोट ठेवायची. मुलीच्या कानावर चांगलं बोलणं पडायला हवं, असलं नको. अक्काला ते कळलं असावं. तिनं आपलं सूप आणि पोतं मागच्या अंगणात हलवलं.

मंगळवारी केळीची गाडी भरायची होती. पहाटेपासून दिपमालानं कापणीच्या माणसांचा चहा केला, मग दहा जणांच्या भाकरी केल्या. डबे घेऊन हेमराज गेला तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. ऋतिका मांडीवर झोपली. तिला खाली ठेवता ठेवता दिपमालाचाही डोळा लागला. कोठीला टेकून, बसल्या जागीच.

जाग आली ती अक्काच्या आवाजानं. शेजारी ऋतिका नव्हती.

ती धडपडत उठली आणि मागच्या दारापर्यंत आली. तिथंच थांबली.

अंगणात निंबाच्या सावलीत अक्का पोत्यावर बसली होती. समोर हातभर अंतरावर ऋतिका. अक्कानं सूप तोंडासमोर धरलं होतं. सुपाआडून आवाज आला, "आंऽऽहू." मग सूप हळूहळू खाली आलं आणि अक्काचा दात नसलेला चेहरा वर उगवला. ऋतिका खिदळली. सूप पुन्हा वर गेलं.

पोरीला ओढून आणावं म्हणून दिपमालानं पाऊल उचललंही होतं. पण ऋतिका सुपाकडे ज्या नजरेनं पाहत होती, ती नजर तिनं ताटाकडे, डफलीकडे, कशाकडेच टाकलेली दिपमालानं पाहिली नव्हती. पुन्हा सुपाआडून आवाज आला. चेहरा दिसायच्या आधीच, नुसत्या आवाजावर, ऋतिकाचे खांदे वर उडाले.

चौथ्या की पाचव्या खेपेला अक्का सुपाआड गेली आणि गप्पच राहिली. कदाचित दमली असेल. कदाचित हाही तिच्या खेळाचाच भाग असेल. घाई तिला कशाचीच नव्हती. ऋतिका वाट पाहत बसली. निंबावर चिमण्या भांडत होत्या. सूप हललं नाही.

"आं... हू," ऋतिका म्हणाली.

बारीक, थोडासा घोगरा आवाज. पण चाल तीच, पहिला भाग लांब आणि शेवटी खाली उतरणारा.

दिपमालानं दाराची चौकट धरली. सुपाआड काही कळलं नाही. कळणार कसं? ऋतिकानं थोडं थांबून पुन्हा आवाज दिला, या वेळी मोठ्यानं. उत्तर आलं नाही. मग ती रांगत पुढं गेली, सुपाची कड धरून तिनं ते खाली ओढलं, आणि अक्काच्या तोंडासमोर तोंड नेऊन तिसऱ्यांदा म्हणाली, "आंऽहू!"

अक्का तोंडभर हसली. तिला फक्त उघडलेलं छोटं तोंड दिसलं होतं.

तेवढ्यात तिची नजर दाराकडे गेली. हसू मावळलं. तिनं घाईनं सूप बाजूला ठेवलं, ऋतिकाला दोन्ही हातांनी आईच्या दिशेनं सरकवलं, पदर तोंडावर घेतला आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली.

दिपमाला धावत गेली. तिनं अक्काचं मनगट धरलं. ऋतिकाच्या तोंडाकडे बोट केलं, मग स्वतःच्या कानाकडे, मग अक्काकडे. अक्का रागावणं ऐकून घेतल्यासारखी मान हलवत राहिली. दिपमालानं पुन्हा खुणा केल्या, उलट्या क्रमानं केल्या. अक्कानं भांड्यांकडे बोट दाखवलं. घासते, घासते. दिपमालाचे हात खाली आले. सहा महिने अखंड बोलली होती ती. आणि एवढी एक गोष्ट सांगायला तिच्याकडे काही नव्हतं.

तिनं सूप उचललं, अक्काच्या हातात दिलं आणि स्वतः मातीत फतकल मारून बसली. अक्का बराच वेळ तिच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. मग हळूच खाली बसली.

"काय झालं व?" आबा दारात उभे होते. या खेपेला ते छताला विचारत नव्हते.

"आबा, पोरगी बोलली."

"काय बोलली?"

दिपमाला आबांकडे वळली. मग सासऱ्यांसमोर, पदर खांद्यावरून घसरलेला तसाच राहू देऊन, तिनं तो आवाज जसाच्या तसा काढून दाखवला. "आंऽऽहू."

आबा पायरीवर बसले. मग म्हणाले, "लहानपणी मले असंच बोलवे ती. मी वावराच्या त्या टोकाले राहो, तरी ऐकू ये. धावत-पयत येत होतो."

"मग?"

"मंग मोठा झालो." त्यांनी पायरीवरचा पाला हातानं बाजूला केला. "मित्र हसत. मंग ऐकू आलं तरी वळनं सोडलं."

अंगणात सूप पुन्हा वर गेलं होतं.

गुरुवारी दिपमालानं अक्कालाही सोबत घेतलं. जायचंय कुठं, का जायचंय, हे तिला सांगता आलं नाही. नुसतं धुतलं लुगडं तिच्यासमोर ठेवलं आणि ऋतिकाला तिच्या कडेवर दिलं. अक्का वेणीफणी करून ओसरीवर तयार होऊन बसली. आबांनी फाट्यापर्यंत येऊन बसला हात केला.

खिडकीजवळ अक्का, तिच्या मांडीवर ऋतिका. त्यांच्या मागच्या बाकावर दिपमाला. बस सुटली, आणि सवयीनं तिचं तोंड उघडलं. बस निघाली बघ, बस मोठी, बस लाल. मग तिनं ते मिटलं. बाहेर केळीच्या बागा मागं पडत होत्या. पुढच्या बाकाच्या दांडीवर तिनं कपाळ टेकलं. कित्येक दिवसांत असं काहीच करायचं नसण्याची वेळ तिच्या वाट्याला आली नव्हती. झोप येण्याआधी तिला एवढंच वाटलं, की मॅडमना काय सांगायचं ते आठवून ठेवलं पाहिजे.

वरणगाव मागं पडलं असेल. बसभर घुमणाऱ्या आवाजानं ती जागी झाली. "आंऽऽहू." पुढची दोन-चार माणसं दचकून वळली. कंडक्टर तिकिटं फाडता फाडता थांबला. थोडा वेळ गेला. मग बारीक आवाज आला, "आं... हू." कोणीतरी फिदीफिदी हसलं.

पलीकडच्या बाकावरची एक बाई पिशवी मांडीवर घट्ट धरून दिपमालाकडे वाकली.

"तुमच्या सोबतच्या का त्या? काय होऊन राह्यलं त्यांना? पोरगी भिईन ना."

दिपमालानं डोळे चोळले. माफी मागायला तोंड उघडलं होतं.

"काही नाही व्हो," ती म्हणाली. "बोलू राह्यल्या दोघी."

आणि तिनं कपाळ पुन्हा दांडीवर टेकवलं.