म्हातारीची रस्सीखेच

सिमेंटच्या त्या कारखान्यात एक भट्टी होती, तिला सगळे म्हातारी म्हणत. भट्टी म्हणजे लोखंडाची आडवी, जराशी कलती नळी. इतकी लांब, की वरच्या तोंडाशी कोणी शिंकला तर ती शिंक खालच्या तोंडाशी ऐकू येईपर्यंत शिंकणाऱ्याची सर्दी बरी झालेली असे. वरून चुनखडीचा नि मातीचा भुगा आत जाई, खालून ज्वाळेचा झोत येई, आणि म्हातारी स्वतःभोवती सावकाश फिरत फिरत सगळं भाजून काळ्या गुठळ्या बाहेर टाकी. त्या गुठळ्या दळल्या की सिमेंट.

म्हातारीची सगळी उस्तवार निळेकाकांकडे. ज्वाळेकडे नुसत्या डोळ्यांनी बघवत नाही, म्हणून त्यांच्या गळ्यात निळी काच लटकलेली असे, आणि सवयच अशी जडली होती की ते सगळंच काचेतून बघत. चहा उकळला का, तो काचेतून. साहेब रागावलेत का, तेही काचेतून. लग्नाआधी काकूंना पहिल्यांदा पाहिलं तेसुद्धा काचेतूनच, आणि वडिलांना म्हणाले, आच बरोबर आहे. कारखान्याचं कँटीन चालवणाऱ्या काकू हा किस्सा येईल त्याला ऐकवत आणि शेवटी म्हणत, आच बघितली, माणूस बघायचं राहूनच गेलं. म्हातारीला त्या सवत म्हणायच्या. नवरा जागेपणी तिच्याकडे आणि झोपेत तिच्याबद्दल बडबडतो, मग दुसरं काय म्हणणार?

पण सवतीचे दिवस भरत आले होते. वरून निरोप होता: म्हातारीपायी दुरुस्तीचं एक जरी मोठं काम निघालं, तरी तिला भंगारात काढू. म्हणून त्या आठवड्यात वरचे साहेब पाहणीला येणार म्हटल्यावर निळेकाकांनी तिला नवरीसारखी सजवली. कठडे पिवळे, पायऱ्या लाल, आणि शेजारचं डिझेल इंजिन चंदेरी.

या इंजिनाचं काम एकच. तापलेली भट्टी थांबवायची नसते. थांबली की आपल्याच वजनाने मधोमध खाली बसते, केळ्यासारखी वाकते, आणि वाकलेली नळी पुन्हा जन्मात फिरत नाही. वीज गेली तर या इंजिनाने तिला हळूहळू फिरवत ठेवायचं. तर या चंदेरी इंजिनातून थेंब थेंब तेल गळे आणि खालच्या नव्या रंगावर डाग पडत. काकांना ते बघवेना. त्यांनी इंजिनातलं तेल काढून डब्यात भरलं. साहेब आले, वा वा म्हणाले, जेवले, गेले. तेल डब्यातच राहिलं.

आणि एका लख्ख दुपारी वारा सुटला. तो असा, की पॅकिंग खात्यातल्या रिकाम्या गोण्या आकाशात गेल्या आणि त्या पाहून बगळ्यांनी थवा बदलला. वाऱ्याने विजेचा मनोरा आडवा केला. म्हातारीची मोटर थांबली. काकांनी पळत जाऊन इंजिन चालू केलं. ते दोनदा खोकलं, मग असं किंचाळलं की सगळ्यांनी कान धरले, आणि जागच्या जागी जाम झालं.

काकांची नजर कोपऱ्यातल्या डब्यावर गेली. झाकण घट्ट लावलेला, वरून पुसलेलासुद्धा.

“तेल मी काढलं होतं,” ते म्हणाले.

मुख्य इंजिनीअर बाई तोवर येऊन पोचल्या होत्या. त्यांनी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा काकांकडे.

“काका, रडायचं ते संध्याकाळी रडा. आत्ता दोर आणा.”

बाईंचा हिशेब साधा होता. ज्वाळा बंद केली तरी आतल्या अस्तराच्या विटा तापलेल्याच, आणि वीज यायला संध्याकाळ होणार. मोटरच्या दांड्यावर ब्रेकचा लोखंडी ढोल असतो. ब्रेक सोडून ढोलाभोवती दोराचे वेढे घालायचे, एक टोक ओढायचं, दुसरं सैल सोडायचं. मध्ये गिअरची इतकी चाकं, की ढोल पुष्कळ फिरला तेव्हा म्हातारी वीतभर हलायची. पण त्याच चाकांमुळे माणसांच्या जोरावर ती हलू तरी शकत होती. काकांच्या जिवात जीव आला. इतका जाड दोर कारखान्यात एकच होता, रस्सीखेचीचा.

इथे या रस्सीखेचीचं सांगायला हवं. दरवर्षी पॅकिंग खातं आणि खाण खातं यांच्यात ती व्हायची. पॅकिंगचा म्होरक्या काकूंचा सख्खा भाऊ, म्हणजे काकांचा मेहुणा. गोण्या वाहून त्याचे खांदे असे रुंदावले होते की दारातून तो तिरका शिरे. खाणीचे म्होरके काकांचे व्याही, सुनेचे वडील. ते एकदा पाय रोवून उभे राहिले की सामना संपल्यावर त्यांना खणून काढावं लागे. गेल्या वर्षी दोघांनी मिळून दोर इतका ताणला की जास्तीचा भाग कापला, तर वसाहतीतल्या सगळ्या घरांना कपडे वाळत घालायला पुरला. निकाल मात्र लागला नाही. तेव्हापासून मेहुणा आणि व्याही एकमेकांशी बोलत नव्हते. भट्टी खात्याचाही संघ असायचा, पण तो पहिल्याच फेरीत गारद. ज्वाळेकडे बघत बसणाऱ्यांना ओढायची सवय कुठली?

ढोलाला वेढे पडले, दोन टोकं खाली अंगणात सोडली, आणि हाक ऐकून दोन्ही खाती धावत आली. मेहुण्याने एक टोक पाहिलं. व्याह्यांनी दुसरं पाहिलं. पुढचं सांगायलाच नको. वर्षानुवर्षांची सवय, पॅकिंगने इकडचं टोक धरलं, खाणीने तिकडचं, आणि कोणाच्या तरी खिशात शिट्टी होती, ती त्याने वाजवली.

दोर सतारीच्या तारेसारखा वाजू लागला. ढोल जागचा हलेना. दोन्हीकडची माणसं लालबुंद झाली, आणि इंजिनीअर बाई वरून ओरडत होत्या ते कोणाला ऐकू जाईना. काका आधी मेहुण्याकडे धावले. तो दात आवळून म्हणाला, “दाजी, त्यांना आधी सोडायला सांगा.” काका व्याह्यांकडे धावले. व्याही म्हणाले की सोडायला हरकत काहीच नाही, पण उद्या तुमचा मेहुणा गावभर जिंकलो म्हणून सांगत फिरेल, त्याचं काय? काका पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. तेवढ्यात म्हातारीच्या पोटातून एक लांब कण्हणं आलं. काकांनी काच डोळ्याला लावली. मधला भाग खाली उतरू लागला होता. फार नाही, पण ज्याने तिला आयुष्यभर पाहिलं त्याला कळावं एवढा.

काका अंगणाच्या मधोमध मटकन बसले. आपल्या हाताने आपण तिला सजवली आणि आपल्याच हाताने मारली, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. म्हातारी फिरत नव्हती.

कँटीनमधून काकू आल्या, हातात चहाचा मोठा डाव, मागे सगळ्या बायका. त्यांनी भावाच्या हातावर डाव हाणला, तिकडे व्याह्यांना नुसतं डोळ्यांनी दटावलं, आणि दोन्ही टोकं खेचून घेतली.

“दोराला दोन टोकं आहेत तोवर तुम्हा दोघांना शहाणपण यायचं नाही. ही दोन्ही एकमेकांत विणा.”

“विहीणबाई, मग ओढायचं कुठून?” व्याह्यांनी विचारलं.

“कुठूनही. गोल आहे ना.”

इंजिनीअर बाईंच्या लगेच ध्यानात आलं आणि त्या टाळी वाजवून हसल्या. खाणीतल्या माणसांनी टोकं विणून दिली, अंगणातल्या दिव्याच्या खांबाभोवती दुसरा वळसा घातला, आणि दोराचं कडं तयार झालं. ढोलाकडून खांबाकडे जाताना ओढायचं, खांबाकडून परत येताना नुसतं चालायचं. सगळ्यात पुढे काकू उभ्या राहिल्या. काका उठून त्यांच्या मागे गेले.

“अहो, सवतीसाठी ओढतेय,” काकू मागे न बघता म्हणाल्या. “लक्षात ठेवा.”

पहिल्या ओढीला ढोल कुरकुरला. दुसरीला फिरला. म्हातारी वीतभर हलली, मग हातभर. आता खरी गंमत झाली. मेहुण्याच्या समोर व्याह्यांची पाठ आली, ती त्याला सहन होईना, म्हणून त्याने पाय उचलले. व्याह्यांना मानेवर त्याचा श्वास जाणवला, तेही सुटले. पण गोलात पुढचा कोण नि मागचा कोण? जो पुढे पळेल तो दुसऱ्याच्या मागेच येऊन पोचे. दोघांच्या त्या नादात अख्खा कारखाना पळू लागला. हिशेबनीस पळाले, दवाखान्यातली नर्स पळाली, फाटकावरचा रखवालदार फाटक उघडं टाकून पळाला. कंपनीचे डॉक्टर पळणाऱ्यांची नाडी पळत पळत बघत होते. म्हातारी तारुण्यातसुद्धा फिरली नसेल अशी फिरली.

आणि ढोलाबरोबर मोटरही उलटून वीज करू लागली. ती तारांमधून वसाहतीत शिरली. घराघरांतले पंखे फिरले, दुपारी दिवे लागले. संध्याकाळी वीजमंडळाचा माणूस सायकल हाणत आला आणि विचारू लागला की आमची वीज अजून गेलेलीच आहे, मग तुमच्याकडे ही कोणाची? खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा. तोही दोर धरून चार फेऱ्या मारून गेला.

खरी वीज आली तेव्हा कोणी थांबायला तयार होईना. शेवटी काकूंनी चहा झाल्याची आरोळी दिली, तेव्हा दोर सुटला. बाईंनी म्हातारीच्या पोटाखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणून पाहिली. नळी सरळ होती, सुतासारखी.

रस्सीखेचीची ढाल कोणाला द्यायची यावर वाद झालाच नाही. मेहुणा आणि व्याही या दोघांनीच ती खांद्यावर घेऊन आणली, भांडत भांडत, कारण दोघांनाही पुढचं टोक हवं होतं. ढाल म्हातारीच्या पिवळ्या कठड्यावर टांगली: पहिल्याच फेरीत गारद होणाऱ्या भट्टी खात्याची पहिली ढाल. वरच्यांकडून दुसऱ्या दिवशी निरोप आला, की जी भट्टी अख्ख्या गावाला एका दोरात बांधते तिला भंगारात काढायची आमची छाती नाही.

त्या निरोपाच्या संध्याकाळी, ज्वाळा पुन्हा पेटल्यावर, काकू फोड आलेल्या तळव्यांवर फुंकर घालत पायरीवर बसल्या होत्या. सवतीला ढाल आणि मला फोड, असं काहीतरी त्या म्हणाल्या. काका डोळ्याला निळी काच लावून उभे होते.

“ज्वाळा कशी आहे?” काकूंनी विचारलं.

“बरोबर आहे,” काका म्हणाले.

ज्वाळा त्यांच्या पाठीमागे होती.