खुर्च्यांचा पाळणा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला उंचीची भीती वाटते असं कुणी सांगितलं असतं, तर मिस्त्रींच्या घरात सगळे पोट धरून हसले असते. सगळे म्हणजे दोघीच. शिवणकाम करणारी बायको, आणि माती तपासायच्या प्रयोगशाळेत नुकतीच कायम झालेली मुलगी, जिला घरात अजून चिमणीच म्हणत. एकोणतीस वर्षं मिस्त्री लिफ्टच्या अंधाऱ्या विहिरीत उतरत होते, डब्याच्या टपावर उभे राहून दोर तपासत होते. त्यांना कसली आलीय भीती!

म्हणून त्या रविवारी चिमणीनं जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि त्यातले डोंगर बघून मिस्त्रींनी आपली खुर्ची मागे सरकवली, ते कुणाच्या लक्षातच आलं नाही.

"कायम झाले की तुम्हा दोघांना बर्फात नेणार म्हटलं होतं ना? हे घ्या," ती म्हणाली. "हे गाव. खाली दरीत गरम पाण्याचे झरे. दोनशे वर्षांपूर्वीची दगडी स्नानगृहं आहेत, खांबाखांबांची. तेव्हा मोठमोठे लोक सांधे धरले म्हणून इथे येऊन महिनामहिना पाण्यात बसायचे. आणि वर स्कीचे उतार. सकाळी वर घसरायचं, संध्याकाळी खाली शेकायचं."

"पडायचं वर आणि शेकायचं खाली," बायको म्हणाली. "सोय चांगली केलीय हो त्यांनी."

"वर जायचं कसं?" मिस्त्रींनी जमेल तितक्या सहज विचारलं.

चिमणीनं फोटो पुढे सरकवला. खांबांवरून गेलेला दोर, त्याला लटकणाऱ्या खुर्च्या, खुर्च्यांत बसलेली माणसं, आणि त्यांच्या पायांखाली काहीच नाही. खूप खाली देवदारांचे शेंडे.

"बघा बाबा, तुमच्याच धंद्यातली वस्तू. खुर्च्यांचा पाळणा!"

मिस्त्रींनी चहाचा कप उचलला. रिकामा होता, तरी त्यातून एक घोट घेतला.

त्यानंतर तीन आठवडे मिस्त्रींनी नन्नाचा पाढा लावला. चिमणी एक आठवडा सुचवायची, तर नेमकी तेव्हाच यांची वार्षिक तपासणी निघायची. दुसरा सुचवला, तर गुडघा दुखायला लागला. गुडघ्याच्या डॉक्टरांनी "घोड्यासारखा आहे" म्हणून घरी पाठवलं, तेव्हा यांना एकाएकी बर्फाच्या उजेडानं डोळे बिघडतात ही माहिती मिळाली. शेवटी चिमणीनं नकाशाची घडी घातली.

"बाबा, तुम्हाला आमच्याबरोबर यायचंच नाहीये का? तसं सांगा. मला राग येणार नाही."

राग आला नाही, पण तिचा चेहरा इतका उतरला की मिस्त्री म्हणून गेले, "कोण म्हणतं यायचं नाही? चल, बूट घेऊन येऊ."

तिघंही खेळाच्या सामानाच्या दुकानात गेली. तिथे स्कीचे बूट भाड्यानंही मिळत. ते घोट्यापासून पोटरीपर्यंत कडक, समोर चार खटके. दुकानदारानं मिस्त्रींना बाकावर बसवलं आणि एकेक खटका आवळला. "पाय आत हलला नाही पाहिजे. अंगठा पुढे टेकला पाहिजे, पण दुखला नाही पाहिजे. आता उभे राहा आणि गुडघे वाकवा."

मिस्त्री उभे राहिले, आणि समोरच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर पाळणा सुरू झाला. कुणीतरी खुर्चीत बसून चित्रीकरण केलं होतं. खांब आला, खुर्चीला हिसका बसला, आणि कॅमेरा वाकून सरळ खाली बघायला लागला.

मिस्त्री मटकन बाकावर बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. उठून पळावं म्हटलं, तर पायांत दोन-दोन किलोंचे बूट.

"अहो, काय होतंय? पाणी आणू?" बायको खाली वाकली.

"तो पडदा बंद करायला सांग."

दुकानदारानं पडदा बंद केला आणि शहाण्या माणसासारखा मोज्यांच्या फळीकडे निघून गेला. मायलेकी मिस्त्रींच्या दोन बाजूंना बसल्या. समोरच्या जमिनीकडे बघत मिस्त्री बोलायला लागले.

"सात वर्षं झाली. ती बारा मजली इमारत नाही का, तिच्या गच्चीवर यंत्राची खोली आहे. मी कठड्याजवळून चाललो होतो. वारा आला आणि डोक्यावरची टोपी उडाली. बस्स, एवढंच. मला काही झालं नाही. पण मी टोपीकडे बघत राहिलो. ती पडतेय, पडतेय, पडतेय... एवढा वेळ लागतो गं खाली पोचायला! तेव्हापासून उघड्यावर उंच गेलो की पायांतलं बळच जातं. विहिरीत काही वाटत नाही, तिथे चारी बाजूंनी भिंत असते."

"म्हणून तुम्ही गॅलरीत कपडे वाळत घालत नाही?" बायकोनं विचारलं.

"हो."

"आणि मी सात वर्षं तुम्हाला आळशी म्हणतेय!"

"ते मला परवडत होतं," मिस्त्री म्हणाले.

चिमणी मात्र हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते आणि आवाज चढला होता. "आणि कामावर? पाय थरथरत असताना तुम्ही गच्च्यांवर जाता? तुमच्या कामावरच्या जोडीदाराला तरी माहीत आहे का?"

"गच्चीवर बहुतेक तोच जातो. मी काहीतरी निमित्त काढतो."

"उद्या त्याला सांगायचं. सहलीचं राहू दे, पण हे उद्या सांगायचं."

मिस्त्रींना लेकीकडून असा दम पहिल्यांदाच मिळत होता. त्यांनी मान डोलावली आणि बुटांचे खटके सोडायला घेतले.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना त्यांनी जोडीदाराला सगळं सांगितलं. तो चावायचा थांबला. "म्हणजे तू मला वर पाठवायचास ते माझा हात चांगला आहे म्हणून नव्हे?"

"हातही चांगला आहे."

"राहू दे आता," जोडीदार म्हणाला. मग डब्याचं झाकण लावत म्हणाला, "गच्ची माझी, विहीर तुझी. साहेबांना आपण दोघं मिळून सांगू. पण पुन्हा निमित्तं काढू नकोस. मी तुझ्या त्या मूळव्याधीवर औषध विचारत सगळीकडे फिरलोय."

घरी आले तेव्हा मिस्त्रींचे खांदे सैल झाले होते. नकाशाची घडी त्यांनी स्वतःच उलगडली.

चिमणीनं तिथल्या स्की शिकवणाऱ्या बाईंना फोन लावला. तिथल्या देशाची भाषा ती कॉलेजात शिकली होती. बाईंनी सांगितलं, की गावातून वरपर्यंत चढावर घसरू नये म्हणून दाते असलेल्या रुळांवरून जुनी छोटी रेल्वे जाते. वरच्या स्टेशनापाशीच नवशिक्यांचा उतार आहे, आणि त्यावर चढायला बर्फावरून सरकणारा पट्टा आहे. पाळण्यात न बसताही अख्खा आठवडा मजेत जातो.

"विचार त्यांना, पाळण्याचा दोर फिरवणाऱ्या मोठ्या चाकाला ब्रेक किती?" मिस्त्री मध्येच म्हणाले.

"बाबा, तुम्हाला बसायचं नाहीये ना?"

"विचार तर खरं."

बाईंना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी फोन सरळ पाळण्याच्या मिस्त्रीकडे दिला. मग दोन मिस्त्री बोलायला लागले आणि चिमणी मधल्यामध्ये घामाघूम झाली. ब्रेक दोन, एक रोजचा आणि एक अडीअडचणीचा. दोरातली एखादी तार तुटली तर कळतं कसं? वारा किती वाढला की थांबवता? तिकडच्यानं सांगितलं, की रोज सकाळी माणसं घेण्याआधी तो एकटा खुर्चीत बसून पूर्ण फेरी मारून येतो.

"भीती वाटते का विचार."

चिमणीनं विचारलं. मग ती म्हणाली, "वारा असला की वाटते, म्हणतात. खालचं यंत्रघर बघायला या म्हणतात."

"यंत्रघर बघायला नक्की येतो म्हणावं," मिस्त्री म्हणाले. "बसायचं काय ते तिथे बघू. बसेनच असं नाही."

"नाही बसलात तर गरम पाण्यात माझ्याशेजारी बसा," बायको म्हणाली. "तिथे उंची गुडघाभरच असेल."

त्याच संध्याकाळी खोल्या नक्की झाल्या, स्नानगृहाला लागून असलेल्या जुन्या हॉटेलात. स्कीच्या बाईंनी फोन पुढे देण्याआधी एक व्यायाम सांगितला होता. रोज दहा मिनिटं गुडघे वाकवायचे, अंगाचा भार पुढे टाकायचा, मग एका पायावरून दुसऱ्यावर. तिघंही बाहेरच्या खोलीत ओळीनं उभे राहिले. चिमणी आकडे मोजायला लागली. बायकोचा तोल गेला, तिनं मिस्त्रींना धरलं, मिस्त्रींनी खुर्ची धरली, आणि खुर्ची धाडकन आडवी झाली.

पाचव्या मिनिटाला दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरच्या बाई चष्मा कपाळावर चढवून उभ्या होत्या.

"काय चाललंय? माझा छताचा दिवा हलतोय."

"बर्फावर घसरायची तयारी," मिस्त्री धापा टाकत म्हणाले.

बाईंनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "गुडघ्यांना चांगलं असतं का हे?"

"फार चांगलं," चिमणी म्हणाली.

बाईंनी दारातच चपला काढल्या, चष्मा नीट डोळ्यांवर घेतला आणि त्या मिस्त्रींच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "बरं मग. सांग, कुठला पाय आधी?"