तीनदा ओढलेले कुलूप

मी एक जुने कुलूप आहे. पितळी, सात लिव्हरचे, आणि स्वभावाने थोडे ताठच. मित्रांनो, या ताठपणाला कारण आहे. ज्या कारखान्यात मी घडलो, तिथे कारागिराने माझी एकेक लिव्हर कानशीने घासून बसवली आणि मग बारा परक्या किल्ल्या मला लावून पाहिल्या. मी एकीलाही दाद दिली नाही. तेव्हा त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. ती शाबासकी माझ्या डोक्यात गेली ती गेलीच.

मला विकत घेतले ते बूट शिवण्याचे दुकान चालवणाऱ्या माझ्या मालकांनी. त्यांच्याकडे येणारी पावले वेगळी असत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटे वळलेली, कुणाची टाचच टेकत नाही. अशांना बाजारातला जोड कसा चालणार? मालक गिऱ्हाइकाला कागदावर उभे करत, पायाभोवती पेन्सिल फिरवत आणि कुठे दुखते, कुठे उंची हवी, ते बाजूला लिहून ठेवत. याला ते 'पायाचा नकाशा' म्हणत. सगळे दुकान त्या नकाशांवर उभे होते.

संध्याकाळी शटर खाली आले की ते मला लावत, दोनदा ओढून पाहत, दहा पावले चालून जात आणि परत येऊन तिसऱ्यांदा ओढत. शेजारचा घड्याळजी म्हणायचा, "त्याला गुदगुल्या होतील हो." मला गुदगुल्या होत नसत, राग येत असे. बारा किल्ल्यांना पुरून उरलेल्या कुलपावर एवढा अविश्वास?

मालक गेले आणि मालकीणबाईंनी दुकान चालवायला घेतले. आरी तीच, खुर्ची तीच, मला तीनदा ओढणेही तेच. मदतीला त्यांचे धाकटे दीर आले. त्यांना मीही भाऊजीच म्हणतो. जुने नकाशे ओल लागून फाटत चालले होते, म्हणून भाऊजींनी संगणक आणला. वर्षभर खपून त्यांनी अकराशे नकाशे इंटरनेटवरच्या खात्यात चढवले. कागद रद्दीत गेले. दिवसा मी संगणकाच्या वरच्या खिळ्याला टांगलेला असतो, त्यामुळे हे सारे माझ्या डोळ्यांदेखत झाले.

त्या खात्याचा पासवर्ड होता दुकानाचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन. मेललाही तोच. विसरायला नको म्हणून त्याची चिठ्ठी संगणकाच्या पडद्याच्या कडेला चिकटवलेली. माझी किल्ली कुणी अशी दाराबाहेर टांगली असती का? पण मीही गप्प राहिलो. मी असताना इथे चोर शिरतोच कसा, या तोऱ्यात होतो मी.

चोर शिरला तो सकाळी अकराला. शटर सताड उघडे, मालकीणबाई समोर बसलेल्या आणि मी खिळ्यावर.

चामडेवाल्याच्या नावाने मेल आला होता. तुमची मागणी अडकली आहे, खाली पासवर्ड टाका, असे त्यात होते. चामडे चार दिवस आले नव्हते आणि भाऊजी आधीच वैतागले होते. त्यांनी पासवर्ड टाकला. पान थोडा वेळ फिरले आणि कोरे झाले. मग त्यांनी मेलचा पत्ता नीट वाचला. तो चामडेवाल्याचा नव्हता.

पुढची पाच मिनिटे मला फार जड गेली. भाऊजी उठले, बसले. चिठ्ठी काढून त्यांनी मुठीत चुरगाळली. दोनदा पाणी प्यायले. चार हातांवर मालकीणबाई एका बुटाला टाच ठोकत होत्या, त्यांना काहीच ठाऊक नव्हते. बोला हो भाऊजी, असे मला सारखे वाटत होते.

शेवटी ते म्हणाले, "वहिनी, माझ्या हातून चूक झालीय. आपला पासवर्ड भलत्याच माणसाकडे गेलाय."

हातोडी थांबली. आता काही खरे नाही, असे मला वाटले. पण त्या एवढेच म्हणाल्या, "आधी दार लावू. बोलणं नंतर."

त्यांनी आपला मोबाइल काढला आणि दोघांनी मिळून दोन्ही पासवर्ड बदलले, आत शिरलेल्या परक्याला बाहेर काढले. भिंतीवर लिहिलेल्या जुन्या नंबरावर चामडेवाल्याला विचारले. त्याने मेल पाठवलाच नव्हता. बँकेला कळवून झाले, सायबर पोलिसांकडे तक्रारही गेली. पण तेवढ्या वेळात चोराने नकाशे पुसायला सुरुवात केली होती. एकेचाळीस नकाशे गेले. बाकीचे वाचले.

भाऊजी मान खाली घालून बसले होते. मालकीणबाईंनी मला खिळ्यावरून काढले आणि त्यांच्या हातात ठेवले.

"तुमचे दादा हे तीनदा का ओढायचे, माहितेय?"

"संशयी होता तो."

"संशयी नव्हते. दुकान नवं होतं तेव्हा एकदा कुलूप नुसतं अडकवून घरी आले. किल्ली फिरवायचीच राहिली. सकाळी बघतात तर हे तसंच लोंबकळतंय. काही गेलं नव्हतं, कुणाला कळलंही नसतं. पण घरी येऊन त्यांनी आपणहून मला सांगितलं. त्या दिवसापासून तीनदा."

मित्रांनो, ती सकाळ मी साफ विसरलो होतो. मालक मला नव्हे, स्वतःला तपासत होते. एवढी वर्षे मी उगाच फुगून बसलो होतो.

एकेचाळीस गिऱ्हाइकांना भाऊजींनी स्वतः फोन केले आणि काय घडले ते न लपवता सांगितले. एकेक करून सगळे आले, पुन्हा कागदावर उभे राहिले. एका आजोबांचा पाय तर जुना नकाशा काढल्यानंतरच्या नऊ वर्षांत इतका बदलला होता की ते म्हणाले, चोराचे आभारच मानायला हवेत. आता प्रत्येक खात्याला वेगळा, लांबलचक पासवर्ड आहे आणि नव्या जागेवरून उघडायचे तर मालकीणबाईंच्या मोबाइलवर आलेला आकडाही लागतो. दर शनिवारी नकाशांची प्रत एका छोट्या डिस्कवर उतरते आणि डब्याच्या पिशवीतून घरी जाते. अनोळखी मेल आला की भाऊजी आधी फोन लावतात.

गेल्या वर्षी विजेवर चालणारे शटर बसले आणि माझे काम संपले. वाटले, आता मीही रद्दीत. पण मी अजून त्याच खिळ्यावर आहे. मित्रांनो, तुमच्या घरातली, दुकानातली दारे जपा, दिसणारी आणि न दिसणारीही. आणि एखादे उघडे राहिलेच, तर पाच मिनिटेसुद्धा गप्प बसू नका.

रोज संध्याकाळी संगणक बंद झाला की भाऊजी हात वर करतात आणि मला ओढून पाहतात. दोनदा. मग दारापर्यंत जातात, परत येतात आणि तिसऱ्यांदा ओढतात. मला आता राग येत नाही.