फोनवरची अंजना

"ही माझी अंजना न्हाई. तोंड तसंच हाय, पर बाई दुसरी हाय."

मोटरसायकलवरून पडून डोक्याला मार लागला आणि महिन्याभरात केरू आपल्या बायकोबद्दल असं बोलू लागला. लष्करातून निवृत्त झालेला माणूस. मलकापुरातले शेजारी, भाजीवाली, सगळे त्याला ओळखू यायचे. परकी होती ती फक्त सव्वीस वर्षं संसार केलेली बायको. तिनं वाढलेलं ताट तो लोटून द्यायचा. "माझ्या बायकोचं लुगडं नेसून फिरतीस?" म्हणून एकदा त्यानं तिचा पदर ओढला.

पाटणहून नणंद दगडाबाई आली. "माणूस उगंच म्हणंल व्हय असं? तूच कायतरी केलं असशील. थोडं दिस माहेरी जा. मी देवरुषी बघते."

अंजना पेटली. "आक्का, ह्यांची घाण मी काढत हुते, तवा कुठं हुता तुमी? देवरुषी ह्या घरात यायचा न्हाई, आन् मी कुठं जायची न्हाई!"

दळणाचा डबा घेऊन ती तरातरा गिरणीत गेली. दूध गॅसवरच राहिलं, म्हणून तिनं केरूला फोन लावला.

"अंजना! अगं, कुठं हायस तू?" त्यानं आवाज बारीक केला. "घरात एक बाई घुसलीया. लय बनेल हाय."

सकाळी भाकरी भिरकावणारा हाच माणूस! "आवं, तीच मी हाय!" ती ओरडली.

"तुला ठावं न्हाई गं तिची नाटकं."

फोन आपटावासा वाटला. तिनं दातओठ खाल्ले. "मग ऐका. उद्या त्या बाईसंगं साताऱ्याला डॉक्टरकडं जायाचं. मी सांगते म्हणून."

"तू म्हणतीस तर जातो."

एसटीत तो दुसऱ्या सीटवर बसला.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं, "क्वचित होतं असं. चेहरा ओळखू येतो, पण तो बघून आपलेपणा वाटत नाही. मग मन म्हणतं, ही तोतया. चेहरा न दिसता नुसता आवाज ऐकला, की मात्र कधीकधी ओळख पटते."

"म्हंजी माझा काय दोष न्हाई?"

"मुळीच नाही."

"मग तसं कागदावर लिवून द्या."

तो कागद तिनं दगडाबाईच्या हातात कोंबला. दगडाबाई दुसऱ्या दिवशी पाटणला गेली.

गोळ्या सुरू झाल्या. चौथ्या महिन्यात एका सकाळी, अंजना मेथी निवडत असताना केरू तिच्याकडे बघत राहिला. "अंजना, कवा आलीस गं?"

तिनं जुडी भिंतीवर फेकली. "मी गेलेच कवा हुते?"

तो रडू लागला. तिनं त्याला रडू दिलं. जवळ गेली नाही.