माझे पाय कापले, पोट नाही

मित्रांनो, मी एक जुना सुतारी बाक आहे. पण म्हणून माझ्यावर बसायला येऊ नका. बाक दिसला की लोकांना टेकायचं सुचतं. माझ्याकडे माणसं उभं राहून काम करायला येतात. माझ्या लाकडी जबड्यात फळीचं टोक आवळतात आणि मग रंधा चालवतात. माझ्या अंगावर करवतीचे ओरखडे आहेत, सरसाचे डाग आहेत, एका कडेला पटाशीनं घेतलेला चावाही आहे. हळहळू नका. ज्याच्या अंगावर ओरखडा नाही तो बाक कामाचाच नव्हे.

मला घडवलं एका उंच सुतारानं. गल्लीत त्याला सगळे ताडमाड म्हणत. बाकाची उंची ठरवण्याची सुतारांची एक साधी रीत आहे. सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचा, तळवा आडवा धरायचा. तळवा जिथे येईल तिथे बाकाची पाठ. उंची जास्त झाली तर खांदे भरून येतात, कमी झाली तर कंबर मोडते. त्यानं रीतीप्रमाणेच मोजलं. पण पायांखाली रंध्याच्या ढलप्यांची गादी साचली होती आणि हा तिच्यावर उभा होता, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. संध्याकाळी बायकोनं दुकान झाडलं आणि ताडमाड चार बोटं खाली आला.

"बाक उंच झाला का हो?" तिनं विचारलं.

"बाक बरोबर आहे. तू जमीन खाली झाडलीस."

दुसरा असता तर पाय कापून मोकळा झाला असता. याला त्यात कमीपणा वाटला. त्यानं एक फळी पायांखाली घेतली आणि ती कायमची तिथेच राहिली. कुणी विचारलं तर म्हणायचा, "जमीन गार लागते." दिवसभर त्या अरुंद फळीवर तोल सांभाळत तो राबायचा आणि रंध्याच्या तालावर गुणगुणायचा:

लाकूड म्हणे रंध्याला, हळू चाल रे भावा,
माझ्या पोटी निजला आहे सावलीचा रावा.

दारं झाली, पाळणे झाले, शिड्या झाल्या. लोक दारांवर हात फिरवून वाहवा करत. मला कुणी शाबास म्हटलं नाही, आणि मीही वाट पाहिली नाही. शाबासकीनं फळी सरळ होत नाही.

पुढे ताडमाडचे गुडघे गेले. दुकानाला कुलूप लागलं. माझ्या पाठीवर रंगाचे डबे आले, बंद पडलेला पंखा आला, ओली छत्रीसुद्धा आली. मी हू की चू केलं नाही. वाकलो तर मुळीच नाही.

एक दिवस त्याची लेक म्हणाली, "बाबा, दुकान भाड्यानं द्यायचंय. बाक विकून टाकू." तिनं मोबाइलवर माझा फोटो टाकला आणि गिऱ्हाईक आलं. खानावळीचा मालक होता. माझ्या पाठीवर टिचक्या मारत म्हणाला, "काय जुना लूक आहे! मधोमध गोल भोक पाडतो आणि बेसिन बसवतो. हात धुणारे बघतच राहतील. दुपारी टेम्पो पाठवू?" लेकीनं मान डोलावली.

मित्रांनो, ज्या पाठीवर घरोघरचे पाळणे घडले, तिथून पोटापर्यंत भोक पाडून लोकांनी चुळा भरायच्या? त्यापेक्षा चुलीत गेलो असतो. निदान कुणाचा भात शिजला असता.

टेम्पो यायच्या आधी तोच फोटो पाहून एक बाई आली. खुर्च्या बनवणारी. अंगानं एवढीशी, पण तिखट. म्हणून तिला लवंगी म्हणत. तिनं भोक पाडायची भाषा केली नाही. खाली वाकून माझे सांधे चाचपले, जबडा आवळून पाहिला, माझ्यापुढे उभी राहिली. मी तिच्या जवळजवळ छातीला लागलो.

"काका, बाक मला हवाय. पण पाय कापावे लागतील."

"पायांना हात लावायचा नाही," ताडमाड गुरगुरला. "फळी घे पायांखाली. मी नाही उभा राहिलो?"

"राहिलात की. मग गुडघे कुणाचे गेले?"

दारात उभी असलेली त्याची बायको म्हणाली, "मी आपली आजवर ऐकत आलेय, जमीन मीच खाली झाडली म्हणून."

लेकीला हसू आवरेना. मला मात्र हसू येत नव्हतं. म्हातारा अडून बसला तर माझ्या नशिबी बेसिनच होतं. काप रे बाबा, मी मनात म्हणत होतो. पाय काप, पण मला उभा ठेव.

शेवटी ताडमाड बायकोला म्हणाला, "झाडू आण."

जमीन लख्ख झाडली. लवंगी सरळ उभी राहिली, हात सैल सोडला. ताडमाडनं स्वतः माप घेतलं. मग सगळ्यांनी मिळून मला उलटा केला. तो माझ्या पायांशी स्टुलावर बसला आणि प्रत्येक पायावर टोकापासून चार बोटांवर एक रेघ मारली. "ही माझी चूक," तो म्हणाला. त्या रेघेच्या पुढे दुसरी रेघ मारली. "आणि ही तुझी उंची." मग दुसऱ्या रेघेवर करवत धरली. काप सरळ गेला. टेम्पोवाल्याला लेकीनं परत पाठवलं.

आता मी लवंगीच्या दुकानात आहे. तिचा तळवा माझ्या पाठीवर अलगद टेकतो. ती रंधा मारते तेव्हा सगळं अंग त्यामागे असतं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांब ढलपी निघते. लोक म्हणतात, बिचारा बुटका झाला. म्हणोत बापडे. मी बुटका झालो, बिचारा नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादं जुनं अवजार कोपऱ्यात पडलं असेल. त्याला शोभेसाठी भिंतीवर टांगू नका आणि अडगळीतही लोटू नका. गंज पुसा, धार लावा, तुमच्या हाताच्या मापाचं करून घ्या. जुन्याचा मान राखायचा म्हणून स्वतःचे गुडघे झिजवू नका. आम्हाला मान नकोच आहे, काम द्या.

अजून पुष्कळ सांगितलं असतं. पण लवंगीनं खुर्चीचा एक पाय आत्ताच माझ्या जबड्यात आवळला आहे, आणि तोंडात घास असताना मी बोलत नसतो.