तीसचा वर्ग

सासूबाईंना तोफांतलं काही कळत नाही, पण आकडा मोठा तो जावई मोठा, एवढं त्यांनी पक्कं ठरवून टाकलंय. मी आणि माझे साडू एकाच प्रशिक्षण केंद्रात शिकवतो. मी वीस मिलिमीटरच्या तोफेवर, ते चाळीसच्या. माझी तोफ अंगावर आलेलं विमान अगदी जवळ अडवते, त्यांचा गोळा लांबच्या विमानापाशी पोचून हवेतच फुटतो. कामं दोन्ही मोलाची. तरी सासरी जेवायला बसताना हाताची मोठी खुर्ची त्यांची, आणि माझ्या पोटात दुखायला लागतं ते जेवणाआधीच.

यंदा चिलखती गाड्यांवरच्या तीसच्या तोफेचा नवा वर्ग निघाला. त्याचा प्रमुख आमच्यापैकी कोण, ते साहेबांसमोरच्या प्रात्यक्षिकात ठरणार होतं. मी तोफ उघडून जोडून दाखवली, ते बरं जमलं. मग साडू सरावाची काडतुसं पट्ट्यात भरायला उभे राहिले.

चाळीसच्या काडतुसांची आमच्याकडे एकच जात, त्यामुळे जाडी बघून उचलायची त्यांना सवय. तीसचं तसं नाही. गोळा तेवढाच जाड, पण एका जातीचं कवच, म्हणजे मागचं दारूचं नळकांडं, एकशे पासष्ट मिलिमीटर लांब, दुसरीचं एकशे त्र्याहत्तर. तोफ होती लांब जातीची. साडूंनी टेबलावर मांडली आखूड.

मला कोपऱ्यातूनच दिसलं. ज्याच्यावर आपण जळतो त्याच्या हातातलं फार स्वच्छ दिसतं. गप्प बसलो की पट्टा अडकणार आणि वर्ग माझा. मनातल्या मनात मी त्या खुर्चीत जाऊन बसलोसुद्धा. पण समोर शिकाऊ जवान बसले होते, आणि साडूंनी दाखवलेलं ते जसंच्या तसं टिपून घेत होते.

"साडूभाऊ, ती आखूड जात आहे," मी चरफडत म्हणालो.

दुसरा कोणी सारवासारव करत बसला असता. यांनी काडतूस उंच धरलं आणि जवानांना म्हणाले, "बघा, मी आत्ता चुकलो. जाडी बघितली, लांबी बघितलीच नाही. तुम्ही असं करू नका." चूक सगळ्यांदेखत कबूल करणारा शिक्षक साहेबांना भलताच आवडला. वर्ग साडूंना मिळाला.

सुट्टीच्या दिवशी सासरी त्यांनी सगळी हकीकत आपणहून सांगितली, माझ्या पाठीवर थाप मारत. "आज मान यांचा," म्हणत ते खुर्चीतून उठले. माझी छाती जरा फुगली.

सासूबाईंचे डोळे भरून आले. "केवढं मोठं मन हो तुमचं," त्या म्हणाल्या. साडूंना.

मी बसलो. खुर्ची अजून त्यांच्याच अंगाने गरम होती.