पलकच बोलेल

ही चळवळ संहिताची होती. निदान दिवाळीपर्यंत तरी होती.

तिची मैत्रीण निधी पहिल्या वर्षानंतर कॉलेज सोडून गेली, तिथून सगळं सुरू झालं. निधीचे मार्क गुणवत्ता शिष्यवृत्तीच्या रेषेच्या जरासे खाली होते आणि दुसऱ्या कुठल्या योजनेत ती बसत नव्हती. फी भरायला घरात काही उरलं नव्हतं, बस. ती देवासला मामाकडे गेली आणि एका शोरूममध्ये लागली. संहिता तेव्हा इतकी चिडली, की तिने शिष्यवृत्त्यांचे सगळे सरकारी नियम काढून वाचले. मागणी तिनेच शोधली: मदत देताना मार्क बघू नका, घरची परिस्थिती बघा. निवेदन तिने लिहिलं. वर्गातला नचिकेत तिच्या मदतीला आला आणि दोघांनी इंदूरच्या कॉलेजांमध्ये हिंडून सह्या गोळा केल्या. लोक नचिकेतला ओळखायचे, पण विषयातलं काही विचारलं की तो म्हणायचा, "संहिताला विचार यार, तिला सगळं पाठ आहे."

ते ऐकायला तिला फार आवडायचं.

मग पलक आली. परदेशीपुऱ्यातली मुलगी, संहिता आता तिसऱ्या वर्षाला होती, ही दुसऱ्या. कँटीनमध्ये सही करायला थांबली आणि बोलतच राहिली. सकाळी ती एका रेडीमेड कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणाचं काम करायची आणि तिथून थेट कॉलेजला यायची. तिचं मराठी अर्धं हिंदी. जाधवांच्या घरातली असून 'माझे नंबर कम आले' म्हणायची. स्नेहलतागंजमध्ये मास्तरांच्या घरात वाढलेल्या संहिताला ते ऐकून हसू यायचं. ते हसू तिने लपवलं, आणि पलकला ग्रुपमध्ये घेतलंही तिनेच.

आमदार जयसिंगरावांच्या ऑफिसात पाच जण गेले. साहेब मराठी, त्यांना मराठी बोलणारी मुलं आवडतात असं कळलं होतं. म्हणून बोलायचं संहितानेच, असं ठरलं होतं. दोन दिवस आरशासमोर तयारी करून ती गेली होती. नियम कुठला, तो कुठे अपुरा पडतो, शेजारच्या राज्यांत काय आहे, सगळं तिने ओळीने मांडलं. साहेब मान हलवत होते आणि मांडीवरच्या मोबाइलवर अंगठा फिरवत होते.

"ठीक आहे बेटा, ठेवून जा. बघतो मी," ते म्हणाले.

नचिकेत उठायलाही लागला. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून पलक म्हणाली, "साहेब, एक मिनिट बोलू?"

"बोल ना."

"मागच्या वर्षी मला स्कॉलरशिप होती साहेब. परीक्षेच्या टाइमाला शेठने सुट्टी नाही दिली. लग्नाचा सीझन होता. मग माझे नंबर कम आले. नंबर कम आले म्हणून स्कॉलरशिप बंद. आता स्कॉलरशिप बंद झाली तर कारखान्यात जास्त बसावं लागतं, आणि जास्त बसलं तर नंबर अजून कम येतात. तर मी सुरू कुठून करू, ते तुम्हीच सांगा ना."

ती रडत वगैरे नव्हती. खरंच विचारत होती. साहेबांनी मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला. चहा मागवला. वडील काय करतात, जाधव म्हणजे कुठले, आजोबा होळकरांच्या फौजेत होते का, असं सगळं विचारलं. मग म्हणाले, "मी भोपाळच्या अधिवेशनात हा प्रश्न लावतो. माझा शब्द."

बाहेर पडल्यावर नचिकेतने रस्त्यातच उडी मारली. "पलक, तू तर कमाल केलीस यार! आता ठरलं. इथून पुढे जिथे जाऊ तिथे पलकच बोलेल."

"दीदीने सगळं आधी सांगितलं होतं ना, म्हणून," पलक म्हणाली.

संहिता हसली.

त्या दिवसापासून तिच्या मनात एक किडा शिरला. कुणी कॅमेरा धरला की पलक पुढे. कुठल्या कॉलेजात सभा असली की पहिला प्रश्न, ती काज-बटणवाली येणार ना? एकदा संहिताच्या आईने मोबाइलवर पलकचा व्हिडिओ पाहिला, डोळे पुसले आणि म्हणाली, "किती गुणी पोर आहे गं. तुम्हा लोकांना मिळाली, नशीब तुमचं." संहिता जेवणाच्या ताटावरून उठून गेली. आपल्याला सगळं येतं आणि तिला काहीच येत नाही, तरी लोक तिचंच का ऐकतात? उत्तर तिला माहीत होतं आणि ते फार वाईट होतं. पलकजवळ सांगण्यासारखं होतं. आपल्या घरी बाबांचा शाळेतला पगार वेळेवर येत होता, फी कशीबशी भरली जात होती. आपल्याजवळ धड दुःखही नाही, असं तिला वाटलं. दुसऱ्याच्या गरिबीचा आपण हेवा करतोय हे कळल्यावर ती स्वतःवर चिडली, पण हेवा काही गेला नाही.

पंधरवड्याने पलक तिच्या घरी आली. कारखान्यातून सरळ आली होती, ओढणीला धागे चिकटलेले.

"दीदी, साहेबांच्या पीएचा फोन आला होता. साहेब माझी फी भरणार म्हणे. कॉलेज पूर्ण होईपर्यंत. लालबागेत मेळा लागलाय ना, तिथे स्टेजवर बोलावलंय रविवारी." तिचा चेहरा फुलला होता आणि घाबरलाही होता. "घेऊ का? मला समजून नाही राहिलं. नचिकेतभिया नाराज होतील काय?"

संहिताला मात्र सगळं एका क्षणात समजलं. साहेब एका मुलीची फी भरणार, टाळ्या घेणार आणि विधानसभेतला प्रश्न गुंडाळून ठेवणार. पलकने हे घेतलं की 'गरजूंना मदत नाही' असं बोलायला तिला तोंड उरणार नाही. अधिवेशनाच्या वेळी भोपाळला जाऊन दुसऱ्याच कुणाला तरी बोलावं लागेल.

हे सगळं पलकला सांगायला दोन वाक्यं पुरली असती.

"घे," संहिता म्हणाली. "वेडी आहेस का? समोरून आलंय. नचिकेतचं मी बघते."

"खरंच?"

"हक्क आहे तुझा. कुणाला विचारूही नकोस."

पलकने तिला मिठी मारली. "मला माहीत होतं, तुम्ही बरोबर सांगाल."

रविवारी लालबागेत स्टेजवर साहेबांनी पलकच्या गळ्यात हार घातला आणि माइकवर सांगितलं, की आमच्या विद्यार्थ्यांची मागणी होती, ती आम्ही पूर्ण केली. सोमवारी पेपरात फोटो आला. त्याच दुपारी पीएने नचिकेतला फोनवर सांगितलं, आता प्रश्न लावायची गरज साहेबांना वाटत नाही.

नचिकेत कँटीनमध्ये सगळ्यांसमोर पलकवर ओरडला. "बिकली यार तू! एवढ्या मुलांच्या सह्या होत्या त्या निवेदनावर. एकदा विचारायचं तरी होतंस कुणाला!"

संहिताला वाटलं, आता ही माझ्याकडे बोट दाखवणार. पलकने तिच्याकडे पाहिलंही. मग मान खाली घालून म्हणाली, "चुकलं माझं भिया. मला एवढं कळलं नाही." आणि बॅग उचलून निघून गेली.

संहिता सुटली होती. तिला बरं वाटायला हवं होतं. पण रस्ताभर तिला एकच टोचत राहिलं: हेही तिला माझ्यापेक्षा चांगलं जमलं. मी तिच्या जागी असते तर नाव सांगून मोकळी झाले असते.

भोपाळला अधिवेशन सुरू झालं तेव्हा ती, नचिकेत आणि आणखी दोघं बसने गेले. विरोधी पक्षाच्या एका आमदारबाईंनी वेळ दिला होता. आमदार विश्रामगृहातल्या त्यांच्या खोलीत बायका, कार्यकर्ते, फायली, सगळ्यांची गर्दी. संहिताला अगदी समोरची खुर्ची मिळाली. ती बोलली आणि या वेळी चांगली बोलली, हिंदीत, कुठे न अडखळता. बाईंनी मध्येच दोन मुद्दे लिहूनही घेतले. तिला वाटलं, हेच तर हवं होतं.

मग बाईंनी पेन खाली ठेवलं. "बोलती अच्छी हो. पर एक बात बताओ. वो लड़की, जिसकी फोटो छपी थी, हार पहने हुए? वो तुम्हारी ही थी ना? कल तुम्हारी फीस भी कोई भर दे तो तुम भी घर चली जाओगी?"

नचिकेत घाईने म्हणाला, "मॅडम, वो अब हमारे साथ नहीं है. लालच में आ गई."

संहिताने खाली पाहिलं. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. नचिकेतने वेळ मारून नेली होती, खुर्ची तिची होती, बाई पुढचं विचारणारच होत्या. पण लालच हा शब्द तिच्या कानाला सहन झाला नाही. पलकला लोभी म्हणायचा अधिकार या खोलीत कुणालाच नव्हता आणि तिला तर मुळीच नव्हता.

"उसने मुझसे पूछा था," ती म्हणाली. "मैंने कहा था, ले लो."

"काय?" नचिकेतने तिच्याकडे वळून पाहिलं. "तू?"

"हो. मला माहीत होतं साहेब काय करणार ते. तिला नव्हतं माहीत."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कारण इथे मला बसायचं होतं."

खोलीतल्या मराठी न कळणाऱ्या माणसांनाही काहीतरी झालंय हे कळलं. बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्यांना राजकारणात बरीच वर्षं झाली असावीत, कारण त्यांना फारसं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"उसी को लेकर आओ," त्या म्हणाल्या. "जिसे मदद मिल गई, वही कहे कि मुझे मेहरबानी नहीं, नियम चाहिए. फिर मैं देखती हूँ सामनेवाले क्या जवाब देते हैं."

परतीच्या बसमध्ये नचिकेत तिच्याशेजारी बसला नाही.

दुसऱ्या दिवशी संहिता परदेशीपुऱ्यात गेली. कारखाना म्हणजे एका घराचा वरचा मजला, ओळीने मशिनी. पलक खिडकीजवळच्या मशिनीवर होती. संहिताने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कारणासकट सांगितलं.

पलकने मशीन बंद केली नाही. एक शर्ट झाला, दुसरा घेतला. मग म्हणाली, "मी तुमचं नाव का नाही घेतलं, मालूम आहे? मला वाटलं, माझं भलं चाहणाऱ्या तुम्ही एकट्या होत्या. तुम्हाला का बदनाम करू?"

"सॉरी, पलक."

"माझ्यात होतं काय जळायला?" ती खरंच विचारत होती, साहेबांना विचारलं होतं तसंच. "सांगा ना. मी तर तुमच्यासारखं बोलायला शिकून राहिले होते."

संहिताजवळ जे उत्तर होतं ते या मशिनींच्या मधे उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं.

"भोपाळला येईन मी," पलक शेवटी म्हणाली. "तुमच्यासाठी नाही. आणि तुम्हाला दीदी पण नाही म्हणणार आता."

ती आली. बाईंनी तिला पत्रकारांसमोर बसवलं. जयसिंगरावांना राग आला आणि पुढच्या वर्षाची फी भरणार नाही असा निरोप पीएकडून आला. पलक म्हणाली, मला वाटलंच होतं. पण प्रश्न लागला. मंत्र्यांनी सभागृहात उत्तर दिलं, की विषय तपासायला समिती नेमू. नचिकेत म्हणाला, समिती म्हणजे काहीच नाही. संहिताला ठाऊक होतं, काहीच नाही यापेक्षा ते थोडं जास्त होतं.

उन्हाळ्यात समितीने विद्यार्थ्यांना बोलावलं. पलक पुढे बसली, संहिता तिच्या मागे, कागद घेऊन. तशी ती आता नेहमीच बसायची. दोघी कामापुरतं बोलायच्या. पलकने आपलं सांगितलं, आणि समितीतले एक वयस्क सदस्य डोळ्यांवरचा चष्मा काढून म्हणाले, "पर बेटी, परिस्थिति कौन जाँचेगा? हर कोई ख़ुद को गरीब कहेगा."

पलक थांबली. हे तिला येत नव्हतं. तिने मान किंचित मागे वळवली.

संहिताला ते उत्तर येत होतं. तिच्याइतकं तिथे कुणालाच येत नव्हतं. ती सरळ उठून बोलली असती तर कुणी अडवलं नसतं, आणि सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं असतं. छातीत ती जुनी आग एकदम उठली, जराही कमी झाली नव्हती.

ती पुढे वाकली आणि पलकच्या कानात म्हणाली, "सांग, कॉलेजनेच आधी तपासावं, आणि यादी सगळ्यांना दिसेल अशी लावावी. खोटं असेल तर तक्रार करायची सोय ठेवावी."

पलकने ते आपल्या भाषेत सांगितलं, परदेशीपुऱ्यात कोण खरंच गरीब आहे ते पूर्ण मोहल्ल्याला मालूम असतं, असं स्वतःचंही एक वाक्य जोडून. समितीतले सगळे हसले. चष्मावाल्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि शेजारच्याला म्हणाले, "लड़की बहुत समझदार है."

संहिताने ते ऐकलं. ती जळली, भरपूर जळली. मग तिने पुढच्या मुद्द्याचा कागद काढला आणि पलकच्या हाताशी सरकवला.